लिस्कागो

माझ्या आईचा एकही फोटो नाही. तिला फोटो चालत नसे. मेल्यावर माणसाचं तोंड भिंतीवर कशाला टांगायचं, असं म्हणायची. त्यामुळे ती गेल्यावर माझ्याकडे उरलं ते तिचा आवाज असलेलं टेपचं एक रीळ. आणि ते रीळ बेलग्रेडच्या चार पोरांच्या गाण्यांपायी गेलं.

साठीचं दशक सरत आलं होतं. अमिरात हे नाव तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. आम्ही दुबई म्हणायचो, आणि गावी रत्नागिरीकडे तर नुसतं ‘बाहेर’ म्हणायचे. अमकीचा नवरा बाहेर आहे म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नसे. दुबईच्या देरा भागात, खाडीपासून दोन गल्ल्या आत आमचं दुकान होतं. रेडिओ, ग्रामोफोन, पंखे, जे बिघडेल ते हे दुरुस्त करायचे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मध्ये पडदा. पडद्याच्या पुढे ह्यांचं राज्य आणि मागे माझं.

दुकानात एक जर्मन टेपरेकॉर्डर होता. आमच्या कोकणी लोकांत तेव्हा ‘बोलती चिठ्ठी’ नवीन निघाली होती. ज्याच्या गावात कोणाकडे मशीन असेल तो आमच्याकडे येऊन बोलायचा, रीळ डबीत घालून मुंबईच्या स्टीमरने पाठवायचा. बायका ह्यांच्यासमोर तोंड उघडायच्या नाहीत. म्हणून हे बाहेर चहाला जायचे आणि बायकांचं मशीन मी चालवायचे. घरून निघताना सासूपासून शेळीपर्यंत सगळ्यांना काय काय सांगायचं ते ठरवून आलेली बाई मशीन सुरू झालं की गप्प. मग अर्धं रीळ नुसतं नाक ओढणं आणि बांगड्यांचा आवाज. तिकडे तेसुद्धा दहादा ऐकत असतील.

माझ्या आईचं रीळ तिकडून आलं. आफ्रिकेहून परतलेल्या आमच्या एका चुलत्याने गावात मशीन आणलं होतं, त्याच्यासमोर तिला बसवलं. आईला वाटलं, मी पलीकडे ऐकतेच आहे. ती विचारायची, “जेवलीस का गो?” आणि थांबायची. खरोखर थांबायची, मी उत्तर देईन म्हणून. मागून काकी कुजबुजायची, “अगो, मशीन हाय ता. ती काय आता ऐकतेय?” त्यावर आई म्हणायची, “थांब जरा. तिला बोलू दे.” मग पुन्हा शांतता. पुढे गावची खबरबात, कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाचं गलबत अडकलं, आणि मध्येच पुन्हा, “जेवलीस का गो?” पुन्हा शांतता. पूर्ण रीळभर तिचं हेच चाललं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसून हसून लोळले. त्या हिवाळ्यात आई गेली. तार आली तोवर दफन होऊनही गेलं होतं. त्यानंतर दर जुम्म्याला मी ते रीळ लावायचे आणि त्या थांबण्यात उत्तर द्यायचे, “जेवले, आई.” हे तेव्हा पडद्याच्या पुढे काहीतरी खुडबुड करत राहायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. एवढं त्यांना कळायचं.

काळजी करायला मला कारण लागत नाही. दूध उतू जाईल म्हणून मी चूल पेटायच्या आधीच शेजारी उभी राहणारी. त्या रिळाची तर मला दिवसरात्र धास्ती. उन्हाने टेप वितळेल, वाळू आत जाईल, मशीन ती गिळेल. उकाड्याच्या दिवसांत मी डबी ओल्या फडक्याजवळ ठेवायचे, आणि मग ओल लागेल म्हणून तिथून उचलायचे. ह्यांनी डबीच्या पाठीवर उर्दूत ‘अम्मा’ असं लिहून ठेवलं होतं. हे उर्दू शाळेत शिकलेले, मी मराठी सातवीपर्यंत. आमच्या घरात पुस्तक कोणत्या टोकाने उघडायचं यावरून सदा थट्टा. मी पुस्तक हातात घेतलं की हे म्हणायचे, “झालां! हिने शेवट आधी वाचला.”

आता ती पोरं. खाडीच्या काठावर एक नवं हॉटेल झालं होतं, तिथे गोऱ्या साहेबांसाठी बँड ठेवला होता. चौघे बेलग्रेडचे. तेव्हा तो देश युगोस्लाव्हिया, आज सर्बिया. दोन गिटार, एक मोठी खर्जाची गिटार आणि एक ढोलवाला. ढोलवाला इतका कोवळा, की त्याची मिशी मला आधी कोळशाचा डाग वाटली. त्यांचा अँप्लिफायर आमच्या विजेपुढे टिकत नसे, म्हणून आठवड्याला दुकानात फेरी ठरलेली. त्यांतला म्होरक्या म्हणजे लांब नाकाचा गिटारवाला. तोडकं इंग्रजी बोलायचा, त्यात इथे उचललेलं अरबी ‘यल्ला’, म्हणजे चला, आणि ‘खलास’ पेरायचा, आणि ह्यांच्याशी तासन्‌तास गप्पा मारायचा. नखं खाण्यात मला मागे टाकील असा तोच एक माणूस मी पाहिला.

त्याच्याकडूनच ह्यांना त्यांची सगळी कहाणी कळली, आणि पडद्याआडून मला. बेलग्रेडमध्ये त्यांच्या दोन छोट्या रेकॉर्डी निघाल्या होत्या. पहिलीत विलायती चाली आणि शब्द तेवढे त्या पोरांचे. ती शाळकरी मुलींनी डोक्यावर घेतली. त्या जोरावर दुसरीत चालीसुद्धा स्वतःच्या घातल्या, आणि ती कोणी फुकट घेईना. कंपनीच्या माणसाने तोंडावर सांगितलं, दाढदुखीचा आवाज आहे. आता कंपनीचा निरोप आला होता: नवी चार गाणी टेपवर भरून पाठवा, आवडली तर तिसरी रेकॉर्ड, नाही तर आपला संबंध संपला. मुदत पुढच्या आठवड्यापर्यंत. आणि ढोलवाल्याला लष्करात बोलावणं आलेलं. तो गेला की बँड असाच मोडणार. हॉटेलच्या करारामुळे बेलग्रेडला जाता येत नव्हतं. देऱ्यात त्यांच्या कामाचं मशीन एकच, आमचं.

मशीन होतं, पण कोरी टेप नव्हती. आमचा माल मुंबईच्या स्टीमरवर, आणि स्टीमर शमाल वाऱ्यामुळे खाडीच्या तोंडाबाहेर उभी. समुद्र इतका खवळलेला, की मालाच्या होड्या तिच्याजवळ जाईनात. गिटारवाला रोज किनाऱ्यावर जाऊन त्या स्टीमरकडे बघून यायचा. दिसते आहे आणि हाताला लागत नाही, हे किती छळतं ते मला कळत होतं. तरी हे आत आले आणि मान खाली घालून उभे राहिले, तेव्हा मी ओळखलं.

“अम्माच्या रिळाची दुसरी बाजू कोरी हाय,” हे म्हणाले.

“नाय,” मी म्हटलं.

ह्यांनी समजावलं. टेप रुंदीने अर्धीच भरते. रीळ उलटून लावलं की उरलेली अर्धी वापरता येते. आईच्या अर्ध्याला धक्का लागणार नाही. दुसरं मशीन असतं तर आधी आईची नक्कल करून ठेवली असती, पण मशीन एकच. रीळ विमानाने जाईल, कंपनी ऐकेल आणि परत पाठवील.

“आणि हरवलं तर?”

“इन्शाल्ला येईल परत.”

“तुमचं इन्शाल्ला तुमच्याकडेच ठेवा. मी नाय देणार.”

“मी जबान दिलीय त्यांना,” हे म्हणाले.

इथेच माझं डोकं फिरलं. माझी आई, माझं रीळ, आणि जबान हे देऊन मोकळे! मी त्यांना खूप बोलले. पण ह्यांचं एक होतं: बाजारात ह्यांच्या शब्दाला किंमत होती आणि तेवढीच ह्यांची मिळकत होती. शेवटी मी डबी पुढे केली आणि म्हटलं, “मशीनला रीळ तुम्ही स्वतः लावायचं. दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये.” हे कबूल झाले.

जुम्म्याच्या दुपारी बाजार बंद असतो, म्हणून तीच वेळ ठरली. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, अजानीआधी आटपायचं, कारण संध्याकाळी त्यांचं हॉटेल, आणि बैरुतच्या विमानातला एक ओळखीचा कर्मचारी टेप घेऊन जाणार होता. आवाज भिंतींवर आपटू नये म्हणून दुकानात काहीतरी जाड टांगायला हवं होतं. माझ्या लग्नातल्या गोधड्या गेल्या. आईनेच शिवलेल्या. चारी बाजूंना गोधड्या आणि मध्ये घामाने निथळणारे चार गोरे. ढोलवाल्याच्या मागे तर माझ्या आजीच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा.

हे नमाजाला गेले ते परत येईनात. नंतर कळलं, गल्लीतला एक म्हातारा बलुची पाणीवाला सकाळीच वारला होता. त्याला इथे कोणी नव्हतं. नमाजानंतर जनाजा निघाला आणि हे खांदा द्यायला गेले. कब्रस्तान लांब. अशा कामातून माणूस मध्येच परत फिरत नाही.

पडद्याआड मी नुसती येरझाऱ्या घालत होते. पोरं वाट बघत होती. एकाने दार उघडून गल्लीत पाहिलं. मग पुन्हा. गिटारवाला घड्याळाकडे बघायचा आणि आपल्या बोटांकडे बघायचा, पण खायला नखं उरली नव्हती. परक्या पुरुषांसमोर पडदा सारून जायची मला हिंमत नव्हती, आणि गेले असते तरी कुठल्या भाषेत थांबा म्हणणार होते? थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, “यल्ला, यल्ला,” आणि डबीचं झाकण उघडल्याचा आवाज. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

गाणी सुरू झाली. खरं सांगते, मी एकही ऐकलं नाही. माझे कान रिळाच्या घरघरीवर होते. एक गाणं संपलं की थोडी शांतता, काहीतरी खटका, मग दुसरं. मध्येच गल्लीत गाढव ओरडलं तेव्हा ते थांबले, हसले आणि पुन्हा केलं. मला मात्र हसू येईना. वीज कमी झाली तर मशीन अडेल, अडलं तर टेप गुंतेल, गुंतली तर ते ओढतील, असं माझं मन पुढे पुढे पळत होतं. चौथं गाणं संपलं आणि असरची अजान झाली. मी ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणून भिंतीला टेकले. मला वाटलं, वाचलो.

पूर्ण ऐकून बघायला त्यांना वेळ नव्हता. पुठ्ठ्याची डबी फाटेल म्हणून रीळ बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातलं आणि एक पोरगा विमानतळाकडे पळाला. डबी काउंटरवरच राहिली.

हे आले ते पायाला माती लागलेले. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. गिटारवाल्याने ह्यांना मिठीच मारली. हे हसले, डबी हातात घेतली आणि विचारलं, कोणती बाजू लावलीस?

त्याने एक बोट वर केलं. “वन. एम्प्टी. नो प्रॉब्लेम.” आणि डबीच्या पाठीवर डावीकडे बोट ठेवलं.

रिळाच्या एका अंगाला १ आणि दुसऱ्या अंगाला २ असा आकडा उठवलेला असे. डबीच्या पाठीवर मात्र आकडे नव्हते. मधोमध एक रेघ, दोन रकाने, कुठल्या बाजूला काय भरलंय ते लिहायला. ह्यांनी पहिल्या बाजूवर आई आहे म्हणून पहिल्या रकान्यात ‘अम्मा’ लिहिलं होतं. पण उर्दू उजवीकडून चालते, म्हणून ह्यांचा पहिला रकाना उजवीकडचा. त्या पोराचा पहिला डावीकडचा, आणि तो कोरा. त्याला वाटलं, पहिली बाजू कोरी.

हे स्टुलावर बसले. डबी हातात फिरवत राहिले, एकदा अशी, एकदा तशी. मी पडदा सारून बाहेर आले. परके पुरुष समोर होते त्याचंही भान राहिलं नाही. ह्यांना सांगावं लागलं नाही. मी एवढंच म्हटलं, “तुमची उर्दू आणि त्यांची इंग्रजी, दोघींच्या मध्ये माझी आई चिरडली.” माझी भाषा त्या पोरांना कळली नाही, पण ढोलवाला रडायला लागला. मला त्याचाही राग आला. माझ्या आईला रडायचा हक्क त्याला कोणी दिला?

बिस्किटाचा डबा मिळाला नाही. ह्यांनी टॅक्सी केली, विमानतळ गाठला, तोवर विमान उडालं होतं.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. ह्यांनी मला आशा लावून ठेवली, तिनेच जास्त छळलं. गाणी मिळून रिळाचा अर्धा भागच गेला असेल, उरलेल्या अर्ध्यात आई आहे, असं हे म्हणायचे. आणि त्या पोराने प्रत्येक गाण्याआधी टेप थोडी पुढे सरकवली होती, गाण्याला गाणं चिकटू नये म्हणून. जेवढी सरकवली तेवढ्यात आईचे एखाददोन शब्द राहिले असतील. मग मी रात्रंदिवस तेच हिशेब करायचे: पहिल्या गाण्यानंतर आई काय म्हणते? पाळण्याची बातमी की गलबताची? मला सगळं पाठ होतं, पण भीतीने क्रम विसरायला लागले. आवाज डोक्यात आणायला जावं तर काकीचाच यायचा. त्या भीतीला मी नाव देऊ शकत नाही. आई दुसऱ्यांदा जात होती, आणि ह्या वेळी माझ्या देखत.

हंगाम संपला तशी पोरं परत गेली. जाताना गिटारवाला दारात येऊन उभा राहिला. मी पडद्याआडच राहिले. त्याने छातीवर हात ठेवून ह्यांना सांगितलं, टेप आणतो. ह्यांनी मान हलवली. मी मनात म्हटलं, आता ह्यानेही जबान दिली.

त्यांचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, नंतर मला भान राहणार नाही. तिसरी रेकॉर्ड निघाली आणि चालली. मग चौथी निघाली, ती मोठ्या स्टुडिओत, व्हायोलिनं वगैरे घालून, आणि ती पडली. ढोलवाला लष्करातून आला तो बदलून आला होता. दुसरा गिटारवाला लग्न करून सासऱ्याच्या बेकरीत बसला. गिटारवाला टेलिफोन खात्यात लागला. बरीच वर्षं ईदला त्याचं कार्ड यायचं, बहुतेक वेळा चुकीच्या ईदला. चार छोट्या रेकॉर्डी, एवढीच त्यांची कारकीर्द. पण बेलग्रेडच्या एका पिढीला तिसरी आठवते म्हणे.

ती तिसरी आमच्याकडे आली एका सकाळी, लाकडी पट्ट्या लावलेल्या पार्सलात. ह्यांनी पार्सल हातात घेतलं आणि मला हाक मारली. आकारावरूनच कळलं की आत रीळ नाही, रेकॉर्ड आहे. आत गिटारवाल्याचं एक चिठोरं होतं, इंग्रजीत, ह्यांनी वाचून सांगितलं. ढोलवाला लष्करात गेल्यामुळे गाणी पुन्हा भरता आली नाहीत, म्हणून कंपनीने तुमच्या दुकानात भरलेलीच टेप रेकॉर्डसाठी वापरली. आवाज चांगला आला, गोधड्यांना सलाम. टेपचा बाकीचा भाग मी पोचायच्या आधी त्यांनी कापून फेकला होता. एवढं मी कापू दिलं नाही.

“एवढं म्हणजे काय?” मी विचारलं. ह्यांना माहीत नव्हतं.

रेकॉर्डच्या वेष्टणावर चौघे खांबाला टेकून उभे. उलट्या बाजूला चार गाण्यांची नावं. इंग्रजी अक्षरं मला लागायची. पहिली तीन नावं माझ्या डोक्यावरून गेली. चौथं मी अक्षर लावून वाचलं: लि, स्का, गो. लिस्कागो. त्यांच्या भाषेतलं काहीतरी असेल, म्हणून मी वेष्टण खाली ठेवलं.

संध्याकाळ होईपर्यंत ती लावायची हिंमत झाली नाही. दुकान बंद करून ह्यांनी पडदा बाजूला बांधून टाकला आणि ग्रामोफोन माझ्यासमोर आणून ठेवला. पहिल्या बाजूला दोन गाणी. काही नाही. उलटली. तिसरं गाणं संपत आलं तशी मी ह्यांचा हात धरला. गिटार विरली. खरखर. आणि मग माझी आई, शब्दाचं डोकं कापलेलं, पण तीच:

“...लीस का गो?”

आणि ती थांबली. ते थांबणंसुद्धा त्याने कापू दिलं नव्हतं. एक शब्द मावेल एवढी जागा, आणि मग चौथ्या गाण्याचा ढोल.

ह्यांनी सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. न विचारता. पुन्हा गिटार विरली, पुन्हा खरखर, पुन्हा आईने विचारलं.

“जेवले, आई,” मी म्हटलं, आणि ढोल वाजला.

खोटं होतं ते. पार्सल आल्यापासून माझ्या पोटात पाण्याचा घोट गेला नव्हता. हे उठले. लग्नाआधी किंवा लग्नानंतर ज्यांनी कधी स्वतःचं ताट वाढून घेतलं नाही, ते आत गेले. भांड्यांची आदळआपट ऐकू आली. मग हे माझ्यासाठी भात वाढून घेऊन आले, वर सकाळची माशाची आमटी, गार झालेली. मी जेवले, आणि मग आम्ही ती बाजू पुन्हा लावली.